तीन कोपऱ्यांची पत्रिका

आख्ख्या कुंभकोणात त्या काळी पुरता शहाणा माणूस एकच होता, आणि गावाने त्यालाच वेडा ठरवले होते. तो माझा थोरला साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हे मी लिहितो आहे ते कोणाचे मन वळवायला नव्हे. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल पान उलटावे. मी तिसरीपर्यंत शिकलो, पुढचा सगळा जन्म कॉफीच्या बिया भाजण्यात आणि दळण्यात गेला. शुद्धलेखन मला येत नाही आणि आता या वयात मी ते शिकणारही नाही. पुण्याकडून कोणी आले की आमचे मराठी ऐकून हसते, 'अजून असे बोलता तुम्ही?' म्हणून विचारते. होय, बोलतो. तंजावरच्या राजांबरोबर आमचे पूर्वज जी भाषा घेऊन आले ती आम्ही जपून वापरली. तुम्ही तुमची कोठे हरवली ते तुम्ही शोधा. तर सांगत होतो साडूंचे.

बाजारात त्यांना 'ओट्टै रायर' म्हणत. तमिळमध्ये ओट्टै म्हणजे भोक, आणि आम्हा मराठी लोकांना इकडे रायर म्हणतात. थोडक्यात, भोकवाले राव. नाव चिडवायला ठेवले होते, पण चिडेल तो साडू कसला. कोणी लांबून हाक मारली तर एखादी पदवी मिळाल्यासारखे ते मान ताठ करून वळत. मद्रासला एका विमा कंपनीत त्यांचा अर्धा जन्म गेला होता. त्या कंपनीत म्हणे एक मोठी खोली होती आणि खोलीत विलायती यंत्रे होती. यंत्रांना वाचता येत नसे, आंधळ्यासारखे चाचपता येई. म्हणून माणसाचे नाव, वय, गाव, जे काही असेल ते जाड कार्डावर भोके पाडून यंत्राला चारायचे. ती भोके पाडण्याचे काम साडूंकडे. नोकरी संपवून ते गावी परतले तेव्हा स्वातंत्र्य येऊन पाचसहा वर्षे झाली असतील. मद्रासहून परतणारा माणूस घड्याळ आणतो, रेडिओ आणतो. यांनी दोन ट्रंका भरून कोरी कार्डे आणली. मद्रासच्या दमट हवेने वाकलेली, यंत्राने तोंडात घ्यायचे नाकारलेली, कंपनीने टाकून दिलेली. आणि भोके पाडायचे एक जुने, हाताने चालवायचे यंत्र आणले, तेही मोडीतले. बैलगाडीतून ट्रंका उतरताना माझी मेहुणी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती म्हणाली, 'एवढे काय आणले आहे?' साडू म्हणाले, 'जागा. दर कार्डाला ऐंशी अक्षरांची.' अक्काने त्या दिवशी कपाळाला लावलेला हात लेकीच्या लग्नापर्यंत काढला नाही असे माझी बायको म्हणत असे.

कार्ड कसे होते ते सांगितले पाहिजे, नाही तर पुढचे कळायचे नाही. पंजाहून जरा लांब, फिक्या पिवळ्या रंगाचे, आणि डाव्या हाताचा वरचा कोपरा तिरका कापलेला. वरच्या कडेला टंकयंत्रावर इंग्रजी अक्षरांत नाव ठोकायचे. मग दर अक्षराच्या बरोबर खाली, सरळ रेषेत, त्या अक्षराची म्हणून ठरलेली दोन चौकोनी भोके पाडायची. कोणत्या अक्षराला कोणती, हे साडूंना तोंडपाठ. 'पाहा धाकटे,' ते मला सांगत, कारण मी धाकटा साडू, 'दर अक्षराला आपापले घर. कोणी दुसऱ्याच्या घरात पाय ठेवायचा नाही, सांडपाणी सोडायचे नाही. आपल्या गल्लीत हे जमले आहे काय?' मी विचारले, 'आणि कोपरा कापला कशास?' तर म्हणाले, 'गठ्ठ्यात एखादे कार्ड उलटे पडले तर यंत्राला समजत नाही, ते उलटेच वाचत सुटते. कोपरा कापलेला असला की एक उलटे कार्ड लगेच डोळ्यांत भरते.' मला हे पटले. माणसांचाही असा एखादा कोपरा कापलेला असता तर माझ्या दुकानात उधारी कमी झाली असती.

टंकायचे काम त्यांच्या एकुलत्या लेकीकडे. ती बसच्या तळाजवळच्या टायपिंगच्या शिकवणीला जाई. सगळ्या मुली कागद चढवीत, ही कार्ड चढवी. शिकवणारे मास्तर कुरकुरत, की जाड कार्डाने रूळ बिघडतो. ती म्हणे, 'पातळ कागदाने बोटे बिघडतात, मास्तर.' बापाचीच लेक होती.

संध्याकाळी साडू तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, यंत्र मांडून बसत. जो समोरून जाईल त्याचे नाव. देवळाचा गुरव, विड्याची पाने विकणारा, जनावरांचा डॉक्टर, सगळ्यांची कार्डे झाली. कार्ड झाले की ते उन्हात धरीत, भोकांतून उजेडाचे ठिपके पायरीवर पडत, आणि साडू त्या माणसाला सांगत, 'हे तुम्ही.' पालेभाजी विकणाऱ्या म्हातारीने टोपली खाली ठेवून ते ठिपके बराच वेळ पाहिले आणि विचारले, 'यात माझे नाक कोणते?' दुसरा कोणी असता तर हसला असता. साडूंनी मधले दोन ठिपके दाखवले. तिने कार्ड कनवटीला लावले आणि घरी नेऊन देवाच्या तसबिरीमागे ठेवले. आता मला सांगा, त्या बाईचे नाव तिच्या जन्मात दुसऱ्या कोणी कोठे लिहिले होते?

कोठेही भोके दिसली की ती वाचून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा माझ्या दुकानात येऊन त्यांनी पितळी फिल्टर उघडला, त्यातली चाळणी दिव्यासमोर धरली आणि गिऱ्हाईके खोळंबली असताना हा माणूस ती फिरवून फिरवून पाहतो आहे. शेवटी म्हणाले, 'धाकटे, यात काहीच लिहिलेले नाही.'

'कॉफीची चाळणी आहे ती,' मी म्हटले.

'तेच म्हणतो. एवढी भोके, आणि अक्षर एक नाही. केवढी नासाडी.'

त्यांचे एक म्हणणे होते आणि ते त्यांनी मरेपर्यंत सोडले नाही. शाई उडते. ताडपत्राला कसर लागते. दगडावरची अक्षरे गुरव तेल ओतून ओतून झिजवतात. पण भोक कोण पुसणार? मी म्हटले, 'कार्ड जळले तर?' साडू म्हणाले, 'तर भोक मोठे झाले.' अशा माणसाशी वाद घालणारे मूर्ख, आणि मी रोज घालत होतो.

मग लेकीचे लग्न ठरले. मुलगा आडुतुरैच्या भातसंशोधन केंद्रात कारकून. घर नाचियार्कोविलचे, पितळी दिव्यांचा व्यापार, आमच्यासारखेच मराठी बोलणारे, एकादशीला भजन करणारे. घरात चालायचे ते मुलाच्या विधवा आत्याबाईंचे. त्यांच्या सोवळ्याला वाराही विचारून शिवत असे. साडूंनी जाहीर केले, की पत्रिका कार्डावरच निघेल. अक्का रडली, माझी बायको रुसली, साडू यंत्र पुसत बसले. लग्नाच्या पत्रिकेत कुलदेवता, आजे-पणजे, काका-मामा, सगळे आलेच पाहिजेत. पण कार्डाला अक्षरे ऐंशी. म्हणून साडूंनी कुलदेवतेला वगळले, पणज्यांना वगळले, मामांना वगळले, आणि राहिली फक्त वधूवरांची नावे, दिवस आणि गाव. मी विचारले, 'माझे नाव?' ते म्हणाले, 'धाकटे, तुम्हांस आत घेतले तर मुहूर्त बाहेर पडतो.' आणि पहिले कार्ड तयार होताच, त्याला हळदकुंकूही न लावता, पाकिटात घालून त्यांनी उत्साहाने मुलाच्या घरी टपालाने धाडले.

आता एक रीत सांगतो, जी तुम्हांस ठाऊक असेल. मरणाची बातमी कळवायची तर पत्राचा कोपरा फाडतात. असे पत्र उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. बाहेर उभ्याने पाहायचे आणि डोक्यावरून पाणी घ्यायचे. ही रीत आमच्या घरातही होतीच. पण ती कार्डे घरात इतकी वर्षे लोळत होती, अक्का त्यांवर पापड वाळत घाली, मी त्यांवर सुपारी कातरत असे, की कापलेला कोपरा आम्हांस दिसेनासाच झाला होता. आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. नाचियार्कोविलला आत्याबाईंनी दारातच पाकीट फोडले, आणि हातात आले कोपरा नसलेले, हळद नसलेले, जागोजागी भोसकलेले कार्ड, आणि तेही व्याह्यांच्या घरून. इंग्रजी वाचणारा मुलगा आडुतुरैला. आत्याबाईंनी वाचायची वाटही पाहिली नाही. नेसत्या लुगड्यानिशी विहिरीवर जाऊन घागर डोक्यावर ओतली, दुकानातून भावाला, म्हणजे मुलाच्या वडिलांना, बोलावून त्यालाही न्हायला लावले. अजून लग्न लागायचे होते, सुतक कसले? पण आत्याबाई सोवळ्यात उधारी ठेवत नसत. मग दोघे बसमध्ये बसून ओल्या केसांनी कुंभकोणाला आले.

मी त्या दुपारी ताजी पूड द्यायला साडूंकडे गेलो होतो म्हणून हे डोळ्यांनी पाहिले. गल्लीच्या तोंडापासूनच आत्याबाईंनी मोठ्याने रडायला आरंभ केला. घराघरांतून माणसे बाहेर आली, कोण गेले म्हणून एकमेकांना विचारू लागली, आणि त्या दोघांच्या मागे चालू लागली. साडू ओट्यावर यंत्र घेऊन बसले होते. एवढी मिरवणूक आपल्याच दारी येते आहे हे पाहून ते उठले आणि हात जोडून हलक्या आवाजात म्हणाले, 'कोण गेले?'

मुलाचे वडील जागीच थांबले. 'तुम्ही नव्हे?'

'मी येथे आहे.'

'मग घरातले?'

साडूंनी आत डोकावून पाहिले. अक्का चिंच कोळत होती, लेक तिच्याजवळ पाटावर बसली होती. 'अवघे आहेत,' ते म्हणाले. 'या, बसा. कॉफी होईल.'

आत्याबाईंचे रडणे असे थांबले की मला वाटले यांना काही झाले. 'मग मी थंड पाण्याने न्हाले ती कशास?' भावाने छत्रीच्या काड्यांत खोचून आणलेले ते कार्ड त्यांनी लांबूनच दाखवले. 'हे काय आहे?'

'लग्नाची पत्रिका,' साडू म्हणाले.

मागची मंडळी टाचा उंचावून कार्ड पाहू लागली.

'पत्रिकेला हळद कोठे आहे?'

'हळदीने भोके बुजतात. यंत्राला वाचता येत नाही.'

'कोणत्या यंत्राला?'

'मद्रासच्या.'

'मद्रासचे यंत्र लग्नाला येणार आहे काय?'

साडूंनी यंत्रावरची धूळ धोतराने पुसली, आणि मी म्हणतो का पुसू नये? माणूस ज्या कामात मुरला त्याच्या सवयी असतात त्याला. मी आजही दाराबाहेर पडताना हातांचा वास घेऊन पाहतो, कॉफी जळली तर नाही म्हणून. पण आत्याबाई आता पायरी चढून आल्या होत्या. त्यांनी सांगितले, की चार कोपऱ्यांची छापील पत्रिका काढा, हे यंत्र कावेरीत टाका, आणि या सगळ्या गल्लीसमोर एकदा म्हणा, की चुकलो, अशुभ केले. नाही तर हे लग्न येथेच संपले.

अक्का चिंचेच्या हातांनीच बाहेर आली. 'म्हणा की एकदा,' ती नवऱ्याला म्हणाली. 'तोंड झिजते काय? पोरीचा प्रश्न आहे.'

साडूंनी यंत्रातले अर्धे पाडलेले कार्ड काढून बाजूला ठेवले. मग म्हणाले, 'छापील काढतो. तुम्ही न्हालात, त्रास झाला, त्याबद्दल हात जोडतो. यंत्र हवे तर माळ्यावर टाकतो. पण हे अशुभ आहे असे म्हणणार नाही. माझ्या लेकीचे नाव मी माझ्या हाताने पाडले आहे. त्याला अशुभ कसे म्हणू?'

'पैत्यम्,' मागून कोणी तरी तमिळमध्ये म्हणाले. पैत्यम् म्हणजे वेडा. मी वळून पाहिले, पण तोंड दाखवायची कोणाची छाती झाली नाही. मग माझे डोके फिरले. मी मुलाच्या वडिलांना म्हटले, 'दिवे विकता आणि चार भोकांतून आलेल्या उजेडाला भिता काय?' याने काम सुधारले असे नाही. त्यांनी छत्री काखेत मारली आणि बहिणीला म्हणाले, 'चल.' मी तसा बोललो याचा मला तेव्हा पश्चात्ताप झाला नाही आणि आजही नाही.

तेवढ्यात लेक बाहेर आली. लग्न ठरलेली मुलगी अशी चारचौघांत येत नाही, पण ती आली आणि आत्याबाईंसमोर उभी राहिली. 'आत्याबाई, एक सांगा. न्हालात त्या कोणासाठी?'

'कोणासाठी म्हणजे? गेलेल्यासाठी.'

'पण कोण गेले असे वाटले तुम्हांस?'

आत्याबाईंनी मान फिरवली. 'खरे सांगू? माझ्या मनात तूच आलीस. तुला पाहायला आले होते तेव्हा तू मला पाणी दिलेस, ते आठवले. विहिरीवर तुझ्या नावाने रडले मी.'

'मग माझे आयुष्य वाढले,' लेक म्हणाली.

आमच्याकडे हे सगळेच मानतात, तमिळ काय आणि मराठी काय: जिवंत माणसाच्या मरणाची बातमी फुटली की त्याचे आयुष्य वाढते. गल्लीतल्या बायका एकदम माना हलवू लागल्या. आत्याबाईंनाही ते नाकारता येईना, त्यांच्याच शास्त्रातले होते. मग त्यांचे डोळे बारीक झाले. 'तुझे वाढले,' त्या म्हणाल्या. 'आमच्या मुलाचे?'

झाले. आता सगळ्यांच्या लक्षात आले, की नवरीचे आयुष्य वाढून नवऱ्याचे जेथल्या तेथे राहिले तर त्याचा अर्थ काय होतो. नुकत्या हललेल्या माना थांबल्या. लेकीचे तोंड उतरले, कारण एवढे पुढचे तिने पाहिले नव्हते.

तेव्हा साडू उठले. मुलाच्या वडिलांच्या छत्रीतून त्यांनी ते कार्ड शांतपणे काढून घेतले आणि उन्हात धरले. पायरीवर ठिपके पडले. 'हे पाहा,' ते म्हणाले. 'येथून येथवर माझी लेक. मग एक घर रिकामे. येथून पुढे तुमचा मुलगा. न्हालात ती या कार्डाच्या नावाने न्हालात. कार्डावर दोघे आहेत. वाढले असेल तर दोघांचे वाढले.'

आत्याबाई पायरीवर वाकल्या. 'यात आमचा कोणता?'

साडूंनी दाखवले.

'एवढासाच?'

'नाव लहान आहे. आयुष्य मोठे.'

आत्याबाईंनी त्या ठिपक्यांवरून एकेक करून बोट फिरवले. शेवटी त्या कमरेवर हात ठेवून उठल्या आणि अक्काला म्हणाल्या, 'चिंचेचे हात धू. हळद आण.' हळद आली. त्यांनी आपल्या बोटाने कार्डाच्या एकेका कोपऱ्याला लावली, तीन झाले, आणि चौथ्यापाशी बोट अडले. मग त्यांनी त्या तिरक्या कडेवरून लांबलचक हळद ओढली आणि म्हणाल्या, 'येथे जरा जास्त लागते.' चुकलो म्हणा, हे त्या विसरल्या की त्यांनी सोडून दिले, ते मी कधी विचारले नाही. माझ्या पुडीतली कॉफी त्या दिवशी त्यांनी दोन वेळा मागून घेतली एवढे मी सांगू शकतो. छापील पत्रिका निघालीच नाही. सगळ्यांना कार्डेच गेली, तीन कोपऱ्यांना ठिपका आणि चौथ्याला पट्टा अशी हळद लावून. तरी तंजावरच्या एका मामांनी आधी डोक्यावरून पाणी घेतले आणि मग जेवायला आले. हळद असली म्हणून काय झाले, म्हणाले, खात्री केलेली बरी.

साडू त्यानंतर फार वर्षे राहिले नाहीत. त्यांच्या मरणाची खोटी बातमी कोणी उठवली नाही, हाच त्यात दोष. नातेवाइकांना पोस्टकार्डे मी लिहिली, माझ्या तिसरीच्या अक्षरात. बायकोने कात्री आणून दिली. मी ती बाजूला ठेवली आणि सगळी कार्डे चार कोपऱ्यांनिशी टपालात टाकली. लोक आले, कुजबुजले, की धाकटे साडू दुःखात रीत विसरले. विसरलो नव्हतो. त्या घरातून कोपरा कापलेले कार्ड निघते ते लग्नाचे असते. सगळ्यांत आधी नाचियार्कोविलच्या आत्याबाई आल्या होत्या. त्यांनी पोस्टकार्ड हातात उलटसुलट करून पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ते कनवटीला लावले.

माझ्या नावाचे कार्ड अजून माझ्याजवळ आहे. लग्नाच्या पत्रिकेत मला जागा दिली नाही म्हणून साडूंनी मागाहून एक अख्खे कार्ड माझ्या एकट्याच्या नावाने पाडून दिले होते. वरची टंकलेली अक्षरे आता पार उडाली आहेत, कोणी म्हणेल कोरेच आहे. भोके तशीच आहेत. सकाळी दुकानाच्या पायरीवर ऊन आले की मी ते कधीकधी धरून पाहतो. वाचून दाखवणारा माणूस राहिला नाही आणि मला ती भोके वाचता येत नाहीत. पण कोपरा कापलेला आहे, म्हणून कार्ड सुलट धरता येते.